चुकारा

सकाळी सहा

डोळा उघडला की आधी फोन, देवाचं नाव नंतर. बँकेचा मेसेज आलाय का ते बघायचं. काल रविवार होता, तेव्हा रात्रीतून काही येणार नाही हे ठाऊक असतं, तरी बघतो. फेब्रुवारीची थंडी उतरणीला लागलीय आणि राइस मिलचा कोंडा हवेत तरंगतोय. गोंदियात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला त्याचा वास येत नाही, तो पाहुण्यांनाच येतो.

मी डॉक्टर नाही. हाडांच्या एका तीस खाटांच्या खासगी दवाखान्यात योजनेच्या टेबलावर बसतो. योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, आणि तिला जोडलेली केंद्राची आयुष्मान भारत. पेशंटचं रेशनकार्ड तपासण्यापासून क्लेम पाठवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. पैसे खात्यात पडणं तेवढं माझ्या हातात नाही.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे आधारभूत केंद्रावर धान मोजून दिल्यावर जे पैसे मिळायचे असतात त्याला चुकारा म्हणतात. चुकारे आले, चुकारे थकले, एवढ्या दोन वाक्यांत इथला हिवाळा सांगून होतो. आमच्या सरांनी तो शब्द योजनेच्या पैशांना लावला. दवाखान्यात पाय ठेवताना रोजचा एकच प्रश्न, "चुकारा आला का?" आणि माझं रोजचं उत्तर, "नाही सर, अजून वरच आहे." हे वर म्हणजे नेमकं कुठं, ते मला बारा वर्षांनंतरही बोटानं दाखवता येणार नाही.

आठ

वॉर्डात पहिला फेरा माझा, डॉक्टरांच्याही आधी, हातात फोन घेऊन. पेशंट खाटेवर आहे याचा पुरावा म्हणून फोटो लागतो. चेहरा, सलाइन, प्लास्टर आणि खाटेचा नंबर हे सगळं एकाच फोटोत बसवायचं. आजवर कुणाच्या लग्नात मी इतके फोटो काढले नाहीत.

सात नंबरला आजी आहेत. खुब्याचं हाड मोडलंय, अंगणात पाय घसरला. फोटो म्हटल्यावर त्यांनी सुनेकडून केस विंचरून घेतले आणि पदर कपाळावर ओढला. कपाळ झाकलं की 'चेहरा स्पष्ट नाही' असा शेरा येतो.

"आजी, पदर जरा मागं घ्या."

"फोटो कोन पायते जी?"

"एक डॉक्टर बघतात. कॉम्प्युटरवर."

"मानूस आहे ना? मंग पदर तं पायजेच."

चार फोटो काढले. चौथ्यात आजींचं लक्ष सलाइनकडे गेलं, पदर आपसूक सरला आणि फोटो झाला. मोडलेल्या हाडाबद्दल त्यांनी तक्रार केली नाही.

नऊ

बालाघाटकडची गाडी आली की स्टेशनवरून ऑटो सुटतात आणि त्यातले एक-दोन आमच्या दारात थांबतात. गोंदिया तसं तीन राज्यांच्या बांधावरचं गाव. एका बाजूनं लांजी-किरनापूरचे येतात, दुसरीकडून डोंगरगडचे. त्यांच्या हातात मध्य प्रदेशचं किंवा छत्तीसगडचं आयुष्मान कार्ड असतं. केंद्राच्या नियमात राज्यातल्या क्लेमचे पैसे पंधरा दिवसांत आणि परराज्यातल्या पेशंटचे तीस दिवसांत द्यायचे असं लिहिलंय. लांजीची बाई विचारते, "भैया, पैसा तो नहीं लगेगा ना?" "नहीं लगेगा," मी सांगतो. तिला लागत नाही हे खरंच. मला हिशेबाच्या वहीत आणखी एक राज्य वाढवावं लागतं.

साडेदहा

टेबलासमोर रांग. आरोग्यमित्र ताई पलीकडच्या खुर्चीत. त्या आमच्या नाहीत, योजनेच्या. त्यांनी पेशंटची नोंद केल्यावर माझं काम सुरू होतं. सालेकसा तालुक्यातल्या एका पोराला मोटरसायकलवरून पडून मनगटाला लागलंय. सोबत गावची आशाताई आहे. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर त्याचंच घरातलं टोपणनाव.

"कार्ड तं आनलं जी, आता नाव बी सारखंच पायजे काय?"

दाराशेजारची योजनेची पाटी आजवर तीनदा रंगवून झाली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात शेजारचा गडचिरोली होता, आमचा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली, तेव्हापासून मी या टेबलावर आहे. १ एप्रिल २०१७ पासून महात्मा फुल्यांचं नाव आलं, पेंटर आला. १ एप्रिल २०२० पासून केंद्राची योजना तिच्यात मिसळली, पेंटर पुन्हा आला. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं आणि पिवळं, केशरी, पांढरं असा कार्डाचा रंग बघायचं कारण उरलं नाही. प्रत्यक्षात हे १ जुलै २०२४ पासून लागू झालं. १,३५६ उपचारांची यादी २,३९९ पर्यंत नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला.

हे सगळं चांगलंच झालं. हे मी उपरोधानं म्हणत नाही. मांडीचं हाड मोडलं म्हणून दोन एकरांतलं एक एकर विकलेली माणसं मी लहानपणी आमच्याच गावात बघितली आहेत. आता ती दिसत नाहीत. फक्त संरक्षणाचा आकडा जेवढा मोठ्यानं सांगितला जातो, तेवढ्या मोठ्यानं पॅकेजचा दर कुणी सांगत नाही. पाच लाख ही पेशंटच्या कुटुंबाची वर्षाची मर्यादा. दवाखान्याला मिळतं ते पॅकेज, आणि खाट, नर्स, ऑपरेशन, भूल, औषधं, रॉड-प्लेट, तपासण्या, जेवण, घरी जायचं बसभाडं, सुटी झाल्यावर दहा दिवसांची औषधं हे सगळं त्याच्याच पोटात.

पावणेबारा

क्वेरी पडली.

देवरी तालुक्यात चिचगडच्याही पुढचा पेशंट. नडगीचं हाड, प्लेट घातली, डिसेंबरात घरी गेला. क्लेम गेला. आज शेरा आलाय की ऑपरेशननंतरच्या एक्स-रेवर नाव आणि तारीख दिसत नाही. मी फाइल काढून फिल्म खिडकीला धरली. नाव आहे, तारीखही आहे. पण मोबाइलवर फोटो काढताना खिडकीचा उजेड नेमका त्याच कोपऱ्यावर पडला आणि अक्षरं पांढरी झाली. प्लेट मात्र झकास दिसतेय, सहा स्क्रूंसकट. हाड जुळलंय की नाही याबद्दल वरच्या डॉक्टरांना शंका नाही. ते कुणाचं आहे, एवढीच शंका आहे.

फिल्म एका काळ्या पुठ्ठ्यासमोर धरून पुन्हा फोटो काढला. तीनदा चढवला, दोनदा सर्व्हर बसला. या एका क्लेमचे दिवस मी पानाच्या समासात लिहीत आलोय, आज ५८ वा. क्वेरी पडली की पंधरा दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून, निदान आम्हाला तरी तसंच वाटतं.

प्रत्येक क्वेरी खोटी नसते, हेही लिहायला हवं. खोट्या नावांवर, न झालेल्या ऑपरेशनांवर पैसे उचलणारे दवाखाने देशभर सापडलेत. त्यांच्यामुळे आमच्या आजींचा पदर मागं सारावा लागतो. तपासणारा चोर पकडण्यासाठी बसवलेला आहे, त्याला मीही चोरच दिसणार.

दुपारी एक

डबा उघडायच्या आधी वही उघडतो. लाल बांधणीची, किराणा दुकानातून आणलेली. कॉम्प्युटरवर जे बसत नाही ते हिच्यात. पॅकेजमधून कुणाचं किती, यापेक्षा कुणाला आधी द्यायचं हे तिच्यात लिहिलेलं असतं.

पहिला भूलतज्ज्ञ. ते आमच्या पगारावर नाहीत. दिवसाला चार दवाखाने फिरतात आणि ऑपरेशन संपलं, बूट घातले की पाकीट घेऊन निघतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत. "तुमचा क्लेम नापास झाला तर मी दिलेली भूल परत घेता येते का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा इम्प्लांटवाला. नागपूरचा, महिन्याची उधारी देतो, महिना उलटला की फोन, दोन उलटले की रॉड यायचे बंद. तिसरा ऑक्सिजन. चौथा मेडिकल स्टोअरवाले शेटजी. त्यांची सहनशक्ती मोठी, व्याजही. मग बँकेचा हप्ता, सी-आर्म मशीनचा. बँक रांगेत उभीच राहत नाही, ती खात्यातून स्वतःच काढून घेते.

त्यानंतर सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, आणि मी.

शेवटी सर.

दर कमी आहेत, असं डॉक्टर मंडळी सभेत सांगतात, ते खरं आहे. पण माझ्या वहीला दरापेक्षा तारीख जास्त बोचते. कमी पैशांत भागवता येतं. शंभरातले कुठले दहा वाचवायचे हे कळतं: गॉज आतून घडी घालून वापरायचा, टाके स्वस्त कंपनीचे, जेवणाचा डबा बचत गटाकडून. कधी येतील तेच माहीत नसलेल्या पैशांत कसं भागवायचं, हे मात्र कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. आणि आले की त्यातून दहा टक्के टीडीएस आधीच कापलेला. वर्ष संपल्यावर तो परत मिळेल, मिळतोही, पण पगार तोवर थांबत नाही.

डॉक्टरवर दया करा, असं मी म्हणत नाही. सरांचं घर दुमजली आहे, मुलगी पुण्याला शिकते. पॅकेज कापलं की त्यांची नवी गाडी एक वर्ष पुढं जाते. पण आमगावहून रोज येणाऱ्या सिस्टरचा सात तारखेचा पगार वीस तारखेला जातो, तेव्हा तिची मासिक पासची तारीख पुढं जात नाही. वर कापलेला रुपया खाली येता येता वजनदार होतो. मी हे बारा वर्षं बघतोय.

मागच्या वर्षी आमची एक चांगली सिस्टर सोडून गेली. बीएस्सी नर्सिंग झालेली. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी झाली, कंत्राटी. २५ हजार ठरलेले आणि १५ हजारांपर्यंत कामगिरीवर आधारित. आम्ही पेढे खाल्ले. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला, तेव्हा ती जिल्हा परिषदेसमोर बसली होती. १९ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर होते. मी विचारलं, "कामगिरीचे आले का?" ती म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडे निदान कुणाला विचारायचं ते माहीत होतं."

तीन

स्टेशनवरून विदर्भ एक्सप्रेस निघून गेली असेल. ती रात्रभर धावून सकाळी मुंबईला पोचते. आमच्या फाइली क्षणात पोचतात म्हणे.

आत ऑपरेशन चालू आहे. हातोडीचा आवाज येतो. नवीन नातेवाईक दचकतात, जुने सांगतात की सुतारकामच असतं ते.

साडेचार

आशाताई अजून बसून आहे. पोराला प्लास्टर झालं, पण परतीची बस साडेपाचची. चहा सांगितला. तिच्याकडेही एक वही. उघडून दाखवली, कारण माझी वही तिनं आधी बघितली होती.

नवजात बाळाच्या घरी सहा भेटी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहा झाल्या की २५० रुपये. पाच झाल्या आणि बाळंतीण माहेरी गेली, तर हिशेब अडकतो. दवाखान्यात बाळंतपण, जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ६००, अर्धे तपासण्यांचे, अर्धे बाळंतपणाचे. राज्यानं मोबदल्यात पाच हजारांची वाढ दिली, ती नोव्हेंबर २०२३ पासून लागू, पण त्यासाठी २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावं लागलं. आजच्या या पोराला घेऊन येण्याचे तिला काय मिळतील, असं मी विचारलं.

"याचे काही नाही जी. याचा मोजून ठेवायचा रकानाच नाही."

तिनं वहीत तरी लिहिलं. तारीख, पोराचं नाव, दवाखाना. पैशांच्या रकान्यात आडवी रेघ.

सहा

बारा नंबरची सुटी. गोरेगाव तालुक्यातले काकाजी, साठी उलटलेली. केंद्रावर धानाची थप्पी लावताना वरून पडले, मांडीचं हाड. रॉड घातला. आता वॉकर घेऊन चार पावलं टाकतात. मी कागद पुढे केला: 'माझ्याकडून दवाखान्यानं कोणतेही पैसे घेतले नाहीत.' खाली सही. मग बसभाडं हातात दिलं आणि त्याची पावती. पेशंट बाई असली तर एसटीत अर्धं तिकीट, २०२३ पासून, म्हणजे आमचीही अर्धी बचत. असली बचत मोजायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

काकाजींनी सही करून विचारलं, "तुमचा चुकारा झाला काय जी, माह्या पायाचा?"

"नाही अजून. तुमचा, धानाचा?"

"नाही."

दोघंही हसलो. त्यांच्या पोरानं पिशवी टेबलावर ठेवली. चिन्नोर तांदूळ, घरचा, पाचेक किलो. वास आला तसा वॉर्ड जेवायला बसल्यासारखा झाला. मी नको म्हटलं. योजनेच्या पेशंटकडून काहीही घ्यायचं नाही, आता तुम्ही सहीही केलीत. "पैशाची सही केली, तांदळाची कोठी केली?" असं म्हणून काकाजी वॉकर टेकत निघाले. पिशवी कुठल्या रकान्यात लिहावी ते न कळल्यामुळे ती मावशींना वाटून टाकली.

पूर्वी, योजनेच्या आधी, निम्मे कास्तकार उधारीवर ऑपरेशन करायचे. "धान विकलं की देतो." दिवाळीनंतर यायचे, नोटा कापडात बांधलेल्या. काही यायचे नाहीत. पण बहुतेक यायचे, आणि केव्हा ते आम्हाला आधीच माहीत असायचं.

आठ

ओपीडी संपली. सर माझ्या टेबलासमोर पेशंटच्या खुर्चीत येऊन बसले. हा त्यांचा दिवसातला एकमेव मोकळा अर्धा तास. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरचे, आमगावकडची जमीन अजून आहे, त्यामुळे हिशेब धानात करतात.

"बघ. २०१८ ला केंद्रानं जनरल वॉर्डाचा दिवसाचा दर धरला १,८०० रुपये. त्या हंगामात साध्या धानाचा भाव १,७५०. म्हणजे एक खाट, एक दिवस, एक क्विंटल. नर्स, जेवण, औषध धरून."

"बरोबर."

"२०२१ मध्ये खाट २,१०० वर नेली. धान २०२५ च्या हंगामात २,३६९. खाट धानाच्या खाली गेली. आणि धानवाला म्हणतो परवडत नाही, तेही खरंच आहे."

करोनात, २१ मे २०२० ला, राज्यानं खासगी दवाखान्यांच्या ऐंशी टक्के खाटा ताब्यात घेऊन दर ठरवले: साध्या वॉर्डाला ४,०००, अतिदक्षतेला ७,५००, व्हेंटिलेटरला ९,०००. शहरातले मोठे डॉक्टर तेव्हा हादरले. सर म्हणाले होते की त्यांना पहिल्यांदाच कळलं, आपल्याला सवय आहे.

मग योजनेतून बाहेर का पडत नाही? हा विषय वर्षातून दोनदा निघतो, आज पुन्हा निघाला. निम्म्याहून जास्त खाटा योजनेच्या पेशंटनी भरतात. योजना सोडली तर खाटा रिकाम्या, आणि रिकाम्या खाटेचा चुकारा कधीच येत नाही. सोडून गेलेले दोन दवाखाने वर्षभरात परत आले. राहिलेल्यांनी काय केलं, तेही सांगतो. काही जण आतल्या दारानं पेशंटकडून पैसे घेतात, "ही प्लेट चांगली, ती योजनेत बसत नाही" म्हणून. तो गुन्हा आहे आणि तो होतो. काही जण पैसे घेत नाहीत, पण पेशंट निवडतात. सरळ तुटलेलं हाड ठेवून घ्यायचं, चुरा झालेलं, साखर वाढलेल्या म्हाताऱ्याचं, पंधरा दिवस लागतील असं, ते "नागपूरला न्या" म्हणायचं. नागपूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. यात कागदावर कुठलाही नियम मोडलेला दिसत नाही. कपातीची खरी किंमत इथं मोजली जाते आणि ती कुठल्याच क्लेममध्ये दिसत नाही.

आम्ही असं करतो का? गेल्या सहा महिन्यांत दोनदा केलं. दोन्ही वेळा इम्प्लांटवाल्यानं माल थांबवला होता. सरांनी ती दोन नावं मला वहीत लिहायला लावली होती, मागच्या पानावर. आज त्यांनी ते पान उघडलं, बघितलं आणि वही बंद केली.

"सात नंबरच्या आजींचं उद्या पहिलं घे," एवढं म्हणून ते घरी गेले.

साडेदहा

झोपायच्या आधी फोन. मेसेज आला आहे! रक्कम जमा. कुठल्या पेशंटची, किती क्लेमची, किती कापून, यातलं काही त्यात लिहिलेलं नाही. फक्त आकडा आणि एक लांबलचक क्रमांक. तो क्रमांक उद्या पोर्टलवर टाकला की उलगडेल. आकड्यावरून एवढं नक्की की सिस्टरांचा पगार निघेल, आणि शेटजींची उधारी निघणार नाही. चिचगडचा क्लेम यात नसणार, त्याची क्वेरी आजच पडलीय.

सरांना मेसेज पुढे पाठवला. त्यांचं उत्तर आलं, फक्त एक अंगठा.

उद्या तीन ऑपरेशन. आजींचा खुबा, एक नडगी, एक मनगट. भूलतज्ज्ञांची तीन पाकिटं कपाटात रोख भरून ठेवली आहेत.